नळीतला उजेड

बंदूक टेबलावर आली की आधी ती रिकामी आहे याची खात्री करायची आणि मग नळीत डोकवायचं. बाकीच्या गप्पा, म्हणजे कुणाची, किती जुनी, आजोबांनी तिने काय काय मारलं, त्या नंतर. डबल बॅरल असेल तर नळ्या दस्त्यापासून सुट्या करायच्या, खिडकीकडे धरायच्या आणि मागच्या टोकाला डोळा लावायचा. दिव्यापेक्षा खिडकीतला, ऊन नसलेला उजेड बरा. नळी सरळ आणि स्वच्छ असेल तर आत एकात एक अशी उजेडाची वर्तुळं दिसतात, सगळी एकाच मध्याभोवती. नळी कुठे वाकली असेल तर वर्तुळं एका बाजूला सरकतात. बाहेरून चेपली असेल तर त्या जागी अर्धचंद्राकार सावली पडते. आणि नळीत काही अडकलेलं असताना कधी बार उडाला असेल, तर एक काळी कडी गोल फिरलेली दिसते. तिथे पोलाद आतून फुगलेलं असतं. नळीवरून बाहेरून बोट फिरवलं की तो फुगवटा बोटालाही लागतो.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत नळ्या सरळ करणारे कारागीर याच उजेडावर काम करत. खिडकीच्या आडव्या पट्टीची सावली नळीच्या आत पडेल अशी नळी धरायची. सावलीची कड जिथे वाकडी दिसेल तिथे नळी वाकडी, आणि तिथे हातोडीचा एक बेताचा टोला. यंत्रं आली तरी हे काम बराच काळ माणसाच्या डोळ्यावरच राहिलं.

कोल्हापुरात आमच्या धंद्याला तीन तऱ्हेची गिऱ्हाइकं. घाटाखालून येणारे सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे शेतकरी, ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची नाहीतर काडतुसाची एकनळी बंदूक असते. जुन्या इनामदार-सरदार घरांतले वारस, ज्यांना वाड्याबरोबर बंदुकाही वाट्याला आलेल्या असतात आणि दोन्हींचं काय करायचं ते कळत नसतं. आणि दुधाळीच्या रेंजवर सराव करणारी पोरंपोरी. तिघांची भाषा वेगळी, पैसे देण्याची तऱ्हाही वेगळी. पण या सगळ्यांच्या बंदुका हाताळून माझं एक मत पक्कं झालं आहे. बंदूक झाडल्याने फारशी बिघडत नाही. ती बिघडते दोन बारांच्या मधल्या काळात, आणि त्याहून जास्त बिघडते दुरुस्तीने.

आधी मधल्या काळाचं सांगतो.

ठासणीच्या बंदुकीत उजेड बघता येत नाही, कारण नळीचं मागचं टोक बंद असतं. तिथे गज कामाला येतो. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक नळीच्या तळाशी जुळलं तर बंदूक रिकामी. गज चार बोटं आधीच थांबला तर आत बार भरलेला आहे. "आबा गेल्यापासून कुणी हात लावला नाही हो हिला," असं म्हणून खांद्यावरून उतरवलेल्या बंदुकीत आबांनी ठासलेला बार तसाच निघतो. हे विरळा नाही. दारू वर्षानुवर्षं कोरडी राहिली तर ती पेट घ्यायला तयारच असते. अशा वेळी चहा बाजूला ठेवून सगळ्यांना बाहेर बसवायचं, दारू आधी पाण्याने पुरती भिजवायची आणि मगच बोळा, छर्रे, लगदा ओढून काढायचा. गिऱ्हाईक बाहेरून विचारत राहतं, "एवढं काय चाललंय?" त्याला बार टेबलावर ओतून दाखवला की मग तो गप्प.

ठासणीत वापरतात ती काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनरूपात मागे उरतो. पांढरा धूर दिसतो तो याच उरलेल्या कणांचा. नळीत बसणारं किटण पोटॅशियमच्या क्षारांचं असतं आणि हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. कोकणात श्रावणात पापडसुद्धा डब्याबाहेर तासभर टिकत नाही, तिथे या किटणाखालच्या लोखंडाची काय कथा. संध्याकाळी बार काढला आणि बंदूक तशीच खुंटीला टांगली तर सकाळी नळीत तांबूस पदर चढलेला असतो.

यावर तेल हा उपाय नाही, आणि हे लोकांना पटवणं फार जड जातं. क्षार तेलात विरघळत नाहीत. शिलाई मशीनचं तेल ओतलं की नळी चकचकीत दिसते आणि त्या तेलाखाली गंज आपलं काम चालू ठेवतो. क्षार विरघळतात पाण्यात. म्हणून आधी उकळतं पाणी. उकळतं यासाठी की नळी तापते आणि पाणी ओतून झाल्यावर स्वतःच कोरडी होते. मग कापडाचा बोळा आणि त्यानंतर तेलाचा नुसता हात. काडतुसाच्या बंदुकांतही जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून जे उरतं त्याचा स्वभाव मिठासारखाच, गंजाला आवतण देणारा. दारू बिनधुराची असली तरी टोपीमुळे नळी गंजायची. म्हणून .303 रायफल वापरणारे सैनिक नळीत नरसाळं लावून उकळतं पाणी ओतत. असा क्षार न सोडणारा मसाला जर्मनीत 1920 च्या दशकात बाजारात आला, पण लष्करी काडतुसांत जुना मसाला पुढे बराच काळ टिकला. बंदुकीत पाणी ओतायचं म्हटल्यावर आजही लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

तेल कमी पडण्यापेक्षा जास्त झाल्याची उदाहरणं माझ्याकडे अधिक येतात. बंदूक भिंतीला टेकवून उभी ठेवली की लॉकमधलं आणि नळीतलं तेल उतरत उतरत दस्त्याच्या डोक्यात शिरतं. दस्ता अक्रोडाचा. अक्रोडाचं लाकूड तेल पितं, काळं पडतं आणि कालांतराने इतकं मऊ होतं की नख रुततं. मग बाराच्या धक्क्याने नेमकं तिथेच तडकतं. वास्तविक नव्या बंदुकीला एवढंच करायचं असतं: तेलाचा हात द्या, जादाचं पुसून काढा आणि तोंड खाली करून ठेवा. चामड्याच्या पेटीतही बंदूक कायमची ठेवू नये. प्रवासापुरती ती ठीक, पण चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि नळीवर त्याच्या शिवणीची खूणसुद्धा गंजाने उठते. खंडेनवमीला पूजा झाली की ओलं गंध, हळद, अक्षता त्याच दिवशी पुसून टाका, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. नळीवर उमटलेल्या पाच बोटांच्या गंधाच्या खुणा पुढच्या नवमीपर्यंत कायमच्या खाचा झालेल्या मी पाहिल्या आहेत. पूजा करणारी सूनबाई देवभोळी, त्यामुळे रागवायचं तरी कुणावर!

निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदुका जमा करायला सांगतात. शेतकऱ्यांची तक्रार असते की नेमक्या त्याच दिवसांत डुकरं भातात शिरतात. माझी तक्रार वेगळी. जमा झालेली बंदूक कुठल्या कोपऱ्यात, कशावर टेकून, किती दमट भिंतीला लागून राहील याचा नेम नसतो. जमा करण्याआधी नळीला ग्रीसचा पातळ हात द्यावा, आणि परत आल्यावर बार भरण्याआधी ते ग्रीस पूर्ण काढावं. यातला दुसरा भाग लोक विसरतात.

आणि कुंभारीण माशी! ही बाई घराच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, जिथे बोटभर भोक मिळेल तिथे मातीचं घर बांधते. खुंटीवरच्या बंदुकीची नळी तिच्या दृष्टीने आयती खोली. ती आत चिखलाचा बोळा लावून, त्यात बेशुद्ध केलेले कोळी ठेवून, अंडी घालून निघून जाते. पावसाळ्यानंतर कुणी घाईत काडतूस घालून चाप ओढला तर छर्ऱ्यांचा गोळा त्या वाळलेल्या मातीवर जाऊन आदळतो, मागून वायूचा रेटा येतो आणि नळी त्या जागी फुगते किंवा फाटते. वर सांगितलेली काळी कडी ती हीच. 12 बोरच्या बंदुकीत चुकून 20 बोरचं काडतूस गेलं तरी तसंच होतं. ते पुढे घसरून नळीत अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, माणूस 12 चं दुसरं काडतूस घालतो आणि मग जे होतं त्यात बोटं जातात. 20 बोरची काडतुसं पिवळी करण्याचा प्रघात पडला तो यामुळेच.

आता दुरुस्तीबद्दल. या विषयावर मी जरा तापतो, ते वाचकांनी सांभाळून घ्यावं.

चांगली इंग्लिश डबल बॅरल बंदूक हातात आली की मी कोरीवकामाआधी तिचे स्क्रू बघतो. या स्क्रूंच्या खाचा आपल्या बाजारातल्या डिसमिसच्या पात्याहून कितीतरी बारीक असतात. आणि बनवणाऱ्याने प्रत्येक स्क्रू असा बसवलेला असतो की पूर्ण घट्ट झाल्यावर त्याची खाच नळीच्या रेषेत यावी. चार खाचा चार दिशांना असल्या की समजायचं, ही बंदूक आधी कुणीतरी उघडली आहे. खाचांच्या कडा फाटलेल्या असल्या तर उघडणारा कोण होता तेही कळतं. सायकलवाला, मोटर मेकॅनिक किंवा घरातलाच एखादा हौशी काका. प्रत्येक स्क्रूसाठी डिसमिसचं पातं कानसून त्या खाचेच्या मापाचं करावं लागतं. माझ्या टेबलाच्या कप्प्यात अशी पाती डबाभर आहेत आणि त्यातलं एकही दुसऱ्या कामाला चालत नाही. शिकायला येणाऱ्या पोराला आधी हेच काम मी देतो. त्याला वाटतं आपल्याला टाळलं जातंय.

दुसरा अपराध पॉलिशचा. जुन्या बंदुकीची ॲक्शन, म्हणजे नळ्यांमागचा पोलादी सांगाडा, हाडांच्या आणि कोळशाच्या भुकटीत पुरून, तापवून, एकदम पाण्यात बुडवून कडक केलेली असते. त्या प्रक्रियेत पोलादावर निळे, तपकिरी, राखाडी असे ढगाळ रंग उमटतात. ते रंग म्हणजे एक अतिशय पातळ थर. बफिंगच्या चाकावर तो पाच मिनिटांत निघतो, कोरीवकामाच्या कडा बोथट होतात आणि बंदूक स्टीलच्या भांड्यासारखी चमकते. मालक खूश होतो. संग्राहक त्याच बंदुकीला हात लावत नाही.

तिसरा अपराध ब्लूइंगचा, आणि तो जास्त घातक, कारण तो दिसत नाही. नळीचा काळा-निळा रंग हा वास्तविक आवरलेला गंजच असतो. जुन्या पद्धतीत नळीवर सौम्य आम्ल लावून तिला मुद्दाम गंजू देतात, मग उकळत्या पाण्यात टाकतात. लाल गंजाचं रूपांतर काळ्या ऑक्साइडमध्ये होतं, वरची काजळी बारीक तारेच्या ब्रशने काढतात आणि पुन्हा गंजायला ठेवतात. असे थरावर थर. याला दिवस लागतात. झटपट पद्धत म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे 140 अंशांच्या द्रावणात नळी बुडवणं. एकनळी रायफलला ती ठीक. पण डबल बॅरलच्या दोन नळ्या आणि त्यांमधल्या पट्ट्या मऊ डागाने, म्हणजे कथिल-शिशाने जोडलेल्या असतात. कॉस्टिक त्या डागाला खातं. शिवाय द्रावण पट्टीखालच्या पोकळीत शिरून बसतं आणि तिथे वर्षभर गुपचूप गंज करत राहतं. बाहेरून नळी नव्यासारखी काळीभोर. पट्ट्या सुटल्या आहेत का हे ओळखायची खूण सोपी आहे. नळ्या हुकाला धरून लोंबत ठेवायच्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. पट्ट्या घट्ट असतील तर नाद बराच वेळ घुमत राहतो. सुटलेल्या असतील तर नुसतं "खट्".

चौथाही सांगून टाकतो. खूप वापरलेली बंदूक बिजागरीवर ढिली होते आणि नळीचं मागचं तोंड व ॲक्शनची उभी भिंत यांच्यात फट पडते. पुढचं लाकूड काढून, बंदूक बंद करून उजेडाकडे धरली की केसाएवढी रेघ दिसते. नीट दुरुस्ती म्हणजे नळीखालच्या हुकात नवं पोलाद बसवून ते बिजागरीच्या पिनेला काजळी लावून, घासून घासून जुळवणं. वाईट दुरुस्ती म्हणजे हुकाला छिन्नीने चार ठोके देऊन धातू फुगवणं. ठोकलेली बंदूक दुकानात खणखणीत बंद होते आणि पेटीभर काडतुसं झाडली की पुन्हा ढिली. पुढच्या कारागिराला आता ठोकलेला धातूही काढावा लागतो.

म्हणून माझ्याकडून बरीच गिऱ्हाइकं "काही करू नका, एवढंच पुसून ठेवा" हे ऐकून जातात. फी तरी कशाची घ्यायची! काही जण रुसून दुसरीकडे जातात. नळी कापून आखूड करून द्या म्हणणाराही अधूनमधून उगवतो. त्याला शस्त्र कायद्याचं कलम 6 दाखवावं लागतं. परवान्याशिवाय बंदूक आखूड करणं हा गुन्हा आहे. दुरुस्तीलासुद्धा कलम 5 खाली परवाना लागतो, त्यामुळे वर म्हटलेले हौशी काका बंदुकीचं आणि स्वतःचंही नुकसान करत असतात.

वारसांचं प्रकरण निराळं. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे एका परवानाधारकाला तीन बंदुका बाळगता येत. 2019 च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आली, आणि त्यात वारशाने आलेल्याही धरल्या. त्यामुळे आपल्याकडे बंदुकांचा संग्रह म्हणजे भिंतभर मांडलेली शस्त्रं नव्हे. ते वैभव कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात जाऊन बघायचं. सामान्य संग्राहकाचा प्रश्न एवढाच असतो की कुठल्या दोन ठेवायच्या. अगदी जुनी, प्राचीन मोलाची किंवा दुरुस्त करूनही झाडता न येणारी शस्त्रं कायद्याच्या कलम 45 मध्ये वेगळी काढली आहेत, पण तुमची बंदूक त्यात बसते की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नसतं.

निवड करताना लोक नळीवरच्या पट्टीवर कोरलेलं नाव वाचतात. तिथे बऱ्याचदा "मँटन, कलकत्ता" किंवा "आर. बी. रॉडा, कलकत्ता" असतं. हे मुख्यतः विकणाऱ्यांचं नाव. बंदूक बहुतेक वेळा बर्मिंगहॅममध्ये बनलेली असते. रॉडाचं नाव वाचलं की मला दर वेळी 26 ऑगस्ट 1914 आठवतो. त्या दिवशी बंगालच्या क्रांतिकारकांनी याच कंपनीचा माल उतरून येताना 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 काडतुसं पळवली. असो. नावापेक्षा नळीच्या खालच्या बाजूचे ठसे महत्त्वाचे. लंडनमध्ये गनमेकर्स कंपनीचं आणि बर्मिंगहॅममध्ये 1813 च्या कायद्याने स्थापलेलं प्रूफ हाउस प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या बाराने झाडून बघतं आणि टिकली तरच शिक्का मारतं. तो शिक्का कुठल्या दारूसाठी आहे हे वाचता आलं पाहिजे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेल्या डमास्कस नळ्या दिसायला अप्रतिम. कुशल हातांनी केलेल्या त्या नळ्यांवरची नक्षी धातूतूनच उमटलेली असते. पण त्यांतल्या बहुतेक काळ्या दारूच्या परीक्षेला उतरलेल्या आहेत. पट्ट्यांच्या सांध्यात गंज कुठवर शिरलाय हे बाहेरून कळत नाही. त्यांनी आजचं काडतूस झाडू नये. 1875 ते 1887 मधल्या काही नळ्यांवर "नॉट फॉर बॉल" असं कोरलेलं असतं. नळीचं तोंड आवळलेलं आहे, एकसंध गोळी घालू नका, इतकाच त्याचा अर्थ.

संस्थानी घरांतल्या रायफलींचं आकडेशास्त्र लोकांना कोड्यात टाकतं. कुठे .470, कुठे .465, कुठे .475. इतकी मापं कशासाठी? रिग्बीने 1898 मध्ये आणलेलं .450 हे हत्ती-गव्यांसाठी उत्तम माप होतं. पण सरकारी मार्टिनी-हेन्री रायफलीही त्याच व्यासाच्या, आणि तिची काडतुसं बंडखोरांच्या हाती लागतील ही धास्ती. 1907 मध्ये हिंदुस्थानात .450 ची आयात बंद झाली. मग विलायती कारखानदारांनी थोडी थोडी वेगळी मापं काढली. त्याच धास्तीचं धाकटं भावंड म्हणजे .315. सैन्याचं .303 नागरिकांना मिळू नये म्हणून इशापूरच्या कारखान्यात या मापाच्या रायफली झाल्या आणि त्या आजही परवान्यावर दिसतात. बंडाला भ्यालेलं सरकार कायदा कसा करतं हे बघायचं तर बंदुकीचा बोर मोजावा.

झाडून बघितल्याशिवाय मी बंदूक परत देत नाही. पहिला बार खांद्याला लावून कधीच नाही. बंदूक जुन्या टायरला बांधायची, चापाला दोरी, आणि आपण भिंतीमागे. त्याआधी चेंबरची लांबी मोजायची. जुन्या बंदुकांचं चेंबर 65 मिलिमीटरचं असतं आणि आजची बरीच काडतुसं 70 ची. गंमत अशी की 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असताना ते 60 च्या आसपासच भरतं. 70 ही त्याची झाडल्यानंतर उलगडलेली लांबी. उलगडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. "बसतंय की!" हा युक्तिवाद म्हणून कामाचा नाही.

मग कागद. 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कोरा कागद ताणायचा, बार टाकायचा आणि जिथे भोकं सर्वांत दाट त्याभोवती 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं. वर्तुळातली भोकं मोजायची. ब्रिटिश मापाने 6 नंबरचे छर्रे एका औंसात 270 बसतात. त्यांतले 70 टक्के वर्तुळात आले तर नळी पूर्ण आवळलेली, 40 टक्के आले तर सरळ. बहुतेक दुनळीत उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते, कारण पहिला बार जवळच्या सावजावर आणि दुसरा पळणाऱ्यावर. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची "शक्तिमान" काडतुसं आपल्याकडे घरोघरची. तीच एका नळीतून छान आणि दुसरीतून विस्कटून पडताना दिसतात. कागदावरची भोकं पेन्सिलीने टिकमार्क करत मोजणं हे कंटाळवाणं काम, पण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. "बंदूक लागत नाही" म्हणून आलेल्या शेतकऱ्याची नळी अनेकदा निर्दोष निघते. दोष दस्त्यात असतो. विलायती बंदुकीचा दस्ता साहेबाच्या हाताच्या मापाचा, चापापासून मागच्या टोकापर्यंत पावणेपंधरा इंच वगैरे. आपल्या माणसाला तो काखेत अडकतो, गाल पट्टीवर नीट बसत नाही, डोळा रेषेत येत नाही. अर्धा इंच लाकूड कमी केलं की तीच बंदूक लागायला लागते. कापलेला तुकडा मी कापडात बांधून परत देतो. उद्या बंदूक कुणा उंच नातवाकडे जाईल.

नेमबाजीची मुलं मात्र वेगळ्याच जगातली. तिथे 10 मीटरच्या एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. या शहराने आणि जिल्ह्याने देशाला तेजस्विनी सावंत दिली, जी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबत दिली, जिने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य. त्यामुळे प्रत्येक आईवडिलांना वाटतं, रायफल चांगली घेतली की काम झालं. त्यांच्या रायफलीत दुरुस्त करण्यासारखं सहसा काही नसतं. .22 च्या शिशाच्या गोळीने नळी झिजायला फार काळ लागतो. नळी खराब होते ती सफाईच्या सळईने. सळई पुढच्या तोंडातून घातली, ती कडेला घासत राहिली की नळीच्या तोंडाची धार एका बाजूने झिजते. गोळी बाहेर पडताना वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि तिला ढकलतो. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, तिथे एवढं पुरे होतं. सळई मागूनच घालावी, तीही मार्गदर्शक नळी लावून. एअर रायफलच्या सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते. त्यात 200 बार दाबाने हवा भरतात आणि 10 वर्षं झाली की तो बदलायचा. "अजून छान चालतोय" असं म्हणून मोठ्या भावाचा सिलिंडर धाकट्या बहिणीला देऊ नये. मी तो ठेवून घेतो.

मग नेम का हुकतो? बहुतेक वेळा गोळ्यांचा लॉट. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटच्या गोळ्या एकाच नळीतून वेगळ्या पडतात. म्हणून मोठे नेमबाज नळी शिकंज्यात पकडून लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि जुळलेला लॉट मिळाला की वर्षभराची बेगमी करून ठेवतात. परवा एक वडील मुलीची रायफल घेऊन आले. तिचा गट पसरतोय, नळी बदलून द्या म्हणाले. नळीतून उजेड बघितला, वर्तुळं स्वच्छ होती. ॲक्शनचे दोन बोल्ट टॉर्क रेंचने तपासले. पुढचा बरोबर होता, मागचा ढिला. तो मापात आवळला, बिल किरकोळ झालं आणि त्यांना दुसऱ्या लॉटची एक डबी घेऊन रेंजवर जायला सांगितलं. नळी बदलायला आणलेले पैसे खिशात परत ठेवताना ते थोडे नाराजच दिसले.